कुलूप, कोयंडा आणि शेजार

घरफोडीची बातमी वर्तमानपत्रात आली की तिच्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. अज्ञात चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यातला अर्थ लक्षातच येत नाही. तुटला तो कोयंडा! कुलूप बिचारे शाबूतच असते. आपण बाजारात जातो, कुलूप हातात घेऊन त्याचे वजन पाहतो, दुकानदाराशी घासाघीस करून चांगले दणकट कुलूप घरी आणतो. आणि ते लावतो कशाला? तर दोन बारक्या स्क्रूंवर कशाबशा तग धरून राहिलेल्या कोयंड्याला. चोर आपल्यापेक्षा व्यवहारी असतो. तो कुलपाच्या वाटेला जात नाही. कटावणीचे टोक कोयंड्याखाली घालतो, अंगाचा भार टाकतो, आणि कुलूप कोयंड्यासकट हातात येते.

म्हणून घराच्या रक्षणाचा विचार करताना पहिला प्रश्न 'कुलूप कोणते घ्यावे' हा नव्हे. कुलूप मुळात करते काय, हा आहे. आपण समजतो की कुलूप चोराला अडवते. वास्तविक जगातले कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही. ते त्याला फक्त वेळ लावते.

याचा फार नामांकित दाखला इतिहासात आहे. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी अमेरिकेहून हॉब्ज नावाचे कुलपांचे एक जाणकार आले होते. इंग्लंडमधले चब यांचे कुलूप तेव्हा अभेद्य मानले जाई. हॉब्ज यांनी ते २५ मिनिटांत उघडून दाखविले. ब्रामा यांच्या कारखान्याचे दुसरे एक कुलूप लंडनच्या दुकानात मांडून ठेवलेले होते. ते जो उघडील त्याला २०० गिनी बक्षीस, असे आव्हान १७९० पासूनचे होते. हॉब्ज यांनी तेही उघडले. मात्र त्यासाठी त्यांना ५१ तास खर्चावे लागले, आणि ते तास १६ दिवसांत वाटलेले होते. दोन्ही कुलपे अखेर उघडलीच. फरक पडला तो वेळेचा. आता सांगा, कोणता चोर आपल्या दारात १६ दिवस बसून राहील? आणि बसलाच, तर शेजारीपाजारी त्याला चहा विचारतील काय?

गोवंडीच्या माणसाला ही विद्या परकी नाही. कुर्ल्याला गाडी बदलून विक्रोळी स्टेशनला उतरले, की आपल्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध कुलपांचे गाव लागते. अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कारखान्याजवळच्या एका लहानशा शेडमध्ये, कुलपे करावयास प्रारंभ केला. शहरात घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे कारखाना विक्रोळीस गेला, आणि १९५४ साली त्यांचे 'नवताल' कुलूप बाजारात आले. आपण 'सात लिव्हरचं कुलूप द्या' म्हणतो, त्यातल्या लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या धातूच्या पातळ पट्ट्या. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो. सगळ्या पट्ट्या बरोबर उचलल्या गेल्या तरच आतला खटका सरकतो. एक जरी कमी किंवा जास्त उचलली गेली, तरी तो अडतो. पट्ट्या जितक्या अधिक, तितका चोराचा खटाटोप अधिक. पुन्हा तेच: वेळ!

पण दाराला वेळ लागतो असे दिसले, तर चोर दारानेच येईल कशावरून? इथे आपल्याला 'मृच्छकटिका'तला शर्विलक आठवावा लागतो. शूद्रकाच्या या संस्कृत नाटकाला देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तो आपल्या ओळखीचा आहे. हा शर्विलक चारुदत्ताच्या घराशी येतो आणि एखाद्या पंडिताप्रमाणे भिंतीची परीक्षा करतो. रोज सूर्याला अर्घ्य देताना पाणी पडून भिंत कुठे भुसभुशीत झाली आहे, उंदरांनी माती कुठे उकरली आहे, हे तो पाहतो. पक्की वीट असेल तर ओढून काढावी, कच्ची असेल तर कापावी, मातीचा गिलावा असेल तर भिजवावा, लाकूड असेल तर फोडावे, असे त्याचे शास्त्र आहे. नाटकातली गंमत सोडून द्या. पण त्याच्या नजरेने एकदा आपल्या घराभोवती फिरून या, असे मी आपणांस सुचवितो. मालकाच्या नजरेला घर पुढून दिसते. चोराच्या नजरेला ते चारी बाजूंनी आणि वरूनही दिसते.

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत हे विशेष खरे. महापालिकेने आखून दिलेल्या, दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा बेताच्या जागा. खाली एक बिऱ्हाड, वर माळा चढवून दुसरे. वर जायला गल्लीतूनच उभी लोखंडी शिडी. डोक्यावर पत्रा, आणि तो पत्रा शेजारच्या पत्र्याला टेकलेला. अशा घराला चोराच्या वाटा चार. दार, खिडकी, माळा आणि पत्रा. त्यांचा बंदोबस्त फार खर्चाचा नाही. कोयंडा स्क्रूवर न ठेवता दारातून आरपार बोल्ट घालून आतून वायसर आणि नट लावून घ्यावा. वेल्डिंगवाला शेजारच्याच गल्लीत सापडतो. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागरी बाहेर राहते आणि तिची पिन ठोकून काढता येते. त्या पिनेच्या टोकाला वेल्डिंगचा एक टाका मारून घेतला म्हणजे झाले. पत्र्याचे हूक गंजले असतील तर पावसाळ्यापूर्वी बदलावेत. वाऱ्यासाठीही ते हवेतच. खालून माळ्यावर जाणारे झाकण असेल तर त्याला खालच्या अंगाने कडी हवी.

खिडकीचे म्हणाल, तर तिथून चोर आत येतच नाही, नुसता हात येतो. मे महिन्याचा उकाडा, खिडकी उघडी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलेला मोबाइल. सकाळी उठून पाहावे तो वायर तेवढी लोंबकळते आहे! हात घातला तर घरात शिरला असे थोडेच होते, असे कोणी म्हणेल. पण कायदा तसे म्हणत नाही. शरीराचा कोणताही भाग आत आला तरी तो गृहप्रवेशच होय. १८६० च्या भारतीय दंड संहितेने घरफोडीची उदाहरणे मोठ्या बारकाईने दिली होती. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणे ही घरफोडी, आणि मालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिने दार उघडून आत जाणे हीसुद्धा घरफोडीच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी घरफोडीची ही व्याख्या तिने सांभाळली आहे. तेव्हा चार्जिंगचा बोर्ड खिडकीपासून हातभर नव्हे, चांगला काठीभर दूर असावा. चोर काठीही आणतो.

चोराला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे बातमी. घरात कोणी नाही, ही बातमी. आणि ती त्याला देतो कोण? बहुतेक वेळा आपणच. दारावर बाहेरून लटकणारे मोठे कुलूप हीच एक जाहिरात आहे. दारातच बसवलेले, बाहेरून किल्लीने बंद होणारे कुलूप असेल तर मंडळी आत आहेत की बाहेर, हे सहज कळत नाही. गणपतीला किंवा मेमध्ये गावाला निघालो की आपण गाडीतला फोटो मोबाइलवर सर्वांना दाखवितो, आणि गल्लीत मात्र 'जरा लक्ष ठेवा हं' एवढेही सांगावयाचे विसरतो. किल्ली मीटरच्या पेटीवर, चपलांच्या मागे किंवा कुंडीखाली ठेवतो, आणि समजतो की ही युक्ती जगात आपल्या एकट्यालाच सुचली. 'मृच्छकटिका'त काय होते, आठवा. शर्विलक एवढी विद्वत्ता खर्चून आत शिरतो खरा. पण दागिन्यांचे गाठोडे त्याच्या हाती देतो तो झोपेत बरळणारा मैत्रेय. स्वतःच्या हाताने देतो!

आता गाभ्याकडे वळू. कुलूप वेळ मिळवून देते, हे ठरले. पण त्या मिळालेल्या वेळाचा उपयोग कोणी करावयाचा? दहा मिनिटे कोयंडा ठोकला जातो आहे आणि ऐकणारे कोणीच नसेल, तर ती दहा मिनिटे चोराचीच. कुलपाने मिळवलेला वेळ कामी येतो तो ऐकणाऱ्या कानामुळे आणि पाहणाऱ्या डोळ्यामुळे.

कोणी शनिशिंगणापूरचा दाखला देतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावात घरांना दारेच नाहीत, अशी त्याची ख्याती. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेनेही तिथे बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली. दार मात्र तिलाही ठेवावे लागले. देवावरची श्रद्धा तर तिथे आहेच. पण एकमेकांना ओळखणारे गाव, ही गोष्टही त्या श्रद्धेइतकीच महत्त्वाची नाही काय? शहरांविषयीही हेच सांगितले गेले आहे. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदार, येणारे-जाणारे आणि खिडकीतून पाहणारे रहिवासी यांच्या डोळ्यांमुळे, असे तिचे म्हणणे होते.

हे डोळे गोवंडीच्या गल्लीत पुष्कळ आहेत. पाणी भरायला उठलेल्या बाया, रात्री उशिरापर्यंत चालणारे जरीकामाचे माळे, कोपऱ्यावरचा किराणावाला, पहाटे कामावर निघालेला मुकादम. मोठमोठ्या सोसायट्यांना पगार देऊन जो पहारा ठेवावा लागतो, तो इथे आपोआप आहे. फक्त त्याला थोडी शिस्त लावली पाहिजे. गल्लीतला दिवा गेला की त्याच दिवशी कोणीतरी तक्रार करावयाची. गावाला जाताना निदान दोन घरांना सांगून जावयाचे. वरच्या माळ्यावर नवा भाडेकरू आला की त्याला नावाने ओळखावयाचे. माणूस नावाने ओळखीचा झाला म्हणजे तोही आपल्या दाराकडे लक्ष ठेवतो.

जिथे हे डोळे मिटतात, तिथे अडचण येते. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली, त्यांच्यासाठी नटवर पारेख कंपाउंडसारख्या इमारती गोवंडीत उभ्या राहिल्या. घर पक्के झाले, दाराला चौकट आली, हे चांगलेच. पण जुनी गल्ली विखुरली. ज्या जिन्यात दिवा नाही आणि समोरच्या दारातले कुटुंब कोणते ते ठाऊक नाही, तिथे सातव्या मजल्यावरचे भक्कम दारही एकटे पडते. अशा ठिकाणी आधी आपल्या मजल्यावरची चार कुटुंबे चहाला बोलवावीत, आणि मग कुलूप घ्यायला बाजारात जावे.

रक्षणाच्या नादात दोन अपाय मात्र होऊ शकतात. त्यांविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे.

पहिला अपाय आगीचा. चोर बाहेर राहावा म्हणून आपण खिडकीला पक्की जाळी ठोकतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली कुठेतरी उशाखाली ठेवतो. रात्री गॅस पेटला किंवा वायर जळाली, तर तीच जाळी आणि तेच कुलूप आपल्याला कोंडून ठेवतात. एका खोलीच्या घरात धूर भरायला फार वेळ लागत नाही. म्हणून आत माणसे झोपली असताना दार कडीने बंद असावे, किल्लीने नको. कुलूप लावणे भागच असेल तर त्याची किल्ली एकाच ठरलेल्या खिळ्यावर असावी. ती बाहेरच्या हाताला सापडू नये, पण घरातल्या लहान मुलालाही अंधारात सापडावी. दुसरी वाट म्हणून खिडकीच्या जाळीचा एक भाग आतून उघडणारा हवा. चोर नेईल ते पुन्हा मिळवता येते.

दुसरा अपाय संशयाचा. चोराची भीती फार वाढली की प्रत्येक अनोळखी चेहरा चोराचा दिसू लागतो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. आपल्याकडचे पारधी, कैकाडी यांसारखे समाज त्या फेऱ्यात सापडले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण तो मनातून गेला, असे छातीठोकपणे सांगता येईल काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, मुले पळविणारी टोळी आली या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा चोर समजून बळी घेतला गेला. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ती अशी अक्षरशः खरी व्हावी, याहून लाजिरवाणे ते काय? गोवंडीत तर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे राहतात. इथे भाषा वेगळी, पेहराव वेगळा म्हणून कोणी चोर ठरू लागला, तर कोणाचेच दार सुरक्षित राहणार नाही. मोबाइलवर 'आपल्या भागात टोळी आली आहे' असा निरोप आला, तर तो पुढे ढकलण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावा.

मग प्रत्यक्ष रात्री कोणी घरात शिरलेच, तर? दिवा लावावा, मोठ्याने हाका माराव्यात, मुलाबाळांना एका जागी घ्यावे आणि ११२ ला फोन करावा. चोराची पळण्याची वाट अडवू नये. कोंडीत सापडलेलं मांजरसुद्धा अंगावर येतं. कायद्याने आपल्याला बचावाचा हक्क दिलेला आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो विशेष व्यापक आहे. पण बचावाला जरूर तेवढेच बळ, ही त्याची मर्यादा आहे. खांबाला बांधलेल्या माणसाला मारणे हा बचाव नव्हे. तो नवा गुन्हा. पकडलेला माणूस पोलिसांच्या हवाली करावा, आणि हात धुवून घरी यावे.

चोरी होऊन गेली असेल तर लगेच आवराआवर करू नये. ठसे पुसले जातात. लालबागला गोदरेजांचे कुलूप तयार होऊ लागले त्याच १८९७ साली कलकत्त्याला हाताच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. तेव्हापासून चोराचे बोटच त्याच्याविरुद्ध साक्ष देत आले आहे. ते झाडूने का घालवावे? हद्दीचा वाद न घालता ठाण्याने खबर नोंदवून घेतली पाहिजे, असा नवा कायदा सांगतो. नोंदीची प्रत आपल्याला फुकट मिळते. मोबाइलवरून पाठविलेली खबरही चालते; मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तीवर सही करावी लागते. फोन गेला असेल तर त्याचा पंधरा आकडी क्रमांक हवा. तो आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा. २०२३ पासून देशभर अशा क्रमांकावरून चोरीचा फोन बंद पाडण्याची सोय सरकारने केली आहे.

शेवटी एक गोष्ट, जी कुलपाच्या जाहिरातीत कधी नसते. आपल्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती? सोने म्हणाल. पण झोपडपट्टीतल्या कुटुंबाला विचारा. १ जानेवारी २००० पूर्वीपासून आपण इथे राहतो, याचा पुरावा देता आला तर मोफत पुनर्वसनाच्या घरावर हक्क सांगता येतो. तो पुरावा म्हणजे जुनी शिधापत्रिका, फोटोपास, विजेचे जुने बिल. आणि ही सगळी कागदपत्रे आपण ठेवतो कुठे? मंगळसूत्राच्या डबीशेजारी, त्याच पिशवीत, त्याच ट्रंकेत! चोर पिशवी उचलतो, सोने घेतो आणि कागद नाल्यात फेकून देतो. त्याला ते कवडीमोल. आपला मात्र पुढच्या पिढीचा निवारा वाहून जातो. तेव्हा आज एवढे करा. कागद सोन्यापासून वेगळे ठेवा. त्यांच्या प्रती काढून एक संच गावी किंवा भरवशाच्या नातेवाइकाकडे द्या, आणि मोबाइलमध्येही त्यांचे फोटो घेऊन ठेवा.

या कामाला रविवारची एक सकाळ पुरे. कोयंड्याचे बोल्ट बदलून होतील, किल्लीचा खिळा ठरेल, कागद वेगळे होतील. आणि वेल्डिंगवाला आलाच आहे, तर त्याला शेजारच्या दाराचा कोयंडाही दाखवा.